एक टाका उसवला तर

४ मार्च

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद शेवटी देते, आधी मला बसलेला धक्का ऐक. आणि हे वाचून फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू घाईत गिळतेस. कागद बरा.

काल दादाच्या नव्या गाडीचं छत तुझ्या वहिनीच्या डोक्यावर पडलं. पत्रा नव्हे गं, आतलं कापड. आम्ही लग्नाला निघालो होतो, तिने केस नुकतेच बसवून घेतलेले. चौकात गाडी थांबली आणि वरून ते राखाडी कापड सावकाश खाली उतरून तिच्या डोक्यावर टेकलं. ती अशी किंचाळली की मला वाटलं कुणी गाडीवर आदळलं. मग दादा एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने छत धरून निघाला. शेजारच्या ट्रकवाल्याने वाकून विचारलं, "साहेब, तंबू ठोकताय का?" लग्नात माझं लक्षच लागलं नाही, मी तोंडाचा आ वासून बसले होते.

आणि हे एकच नाही. दाराच्या आतली चकचकीत पट्टी परवा माझ्या हातात आली. मी फक्त दार ओढलं होतं, त्या दाराशी कुस्ती नव्हते खेळत! गार हवेच्या बटणावरचं चित्र पुसून गेलं, आता दादा अंदाजाने दाबतो आणि भलतंच काहीतरी गरम होतं. समोरच्या काळ्या आरशासारख्या प्लास्टिकवर फडकं फिरवलं तरी चरे उठतात. गाडी घेऊन अजून वर्ष व्हायचंय. त्या किमतीत माणूस घरावर मजला चढवतो.

दादाने ती तुझ्या शब्दावर घेतली, हे विसरू नकोस. तू त्या कंपनीत, आणि तुझे बाबा त्याच कंपनीच्या शोरूममध्ये उभा जन्म गाड्या विकत होते. आपली जुनी गाडी अजून शेडमध्ये आहे. इंजिन गेलं, पण आत जाऊन बस, सीटवर एक सुरकुती नाही. यांनी गावभर सांगितलेलं वाक्य तुला पाठ आहे: "एक टाका उसवला, तर मला येऊन सांगा." कुणी आलं कधी सांगायला? आता लोक येतात. दातांचे डॉक्टर परवा दादाला म्हणाले, "तुमच्या वडलांच्या वेळी असं नव्हतं." माझी मान खाली गेली.

काय करता काय तुम्ही तिथे बसून?

आशीर्वाद आहेतच.
आई


११ मार्च

प्रिय आई,

नमस्कार. तुझं पत्र मी कंपनीच्या जेवणघरात वाचलं आणि ट्रकवाल्याच्या वाक्याला हसले. मग पट्टीचं वाचलं आणि हसू मावळलं, कारण ती पट्टी माझ्याच टेबलावरून पुढे गेली होती. मी तिला नापास केलं होतं. वरून उत्तर आलं, गिऱ्हाईक चार वर्षांत गाडी बदलतं, पट्टीला इतकं जगायचं कारण नाही.

आता माझा धक्का ऐक. आमच्या पुढच्या गाडीचा नमुना गेल्या आठवड्यात आला. डॅशबोर्डवर सुंदर शिवण, एकसारखे टाके. मी नखाने एक टाका उचलायला गेले तर नख घसरलं. आई, ते टाके नाहीतच! प्लास्टिक साच्यात ओततानाच टाक्यांचे उंचवटे उठवलेत आणि त्यांना दोऱ्याचा रंग दिलाय. काही जोडत नाहीत, काही धरत नाहीत, नुसते दिसतात. मी इतकी हबकले की शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बोलावून त्यालाही नख लावायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, छान दिसतंय की."

मे महिन्यात मोठ्या साहेबांसमोर बैठक आहे. आतल्या कामाच्या कागदावर सही माझी लागते. सही देणार नाही म्हटलं तर पुरावा मागतील, "पूर्वी चांगलं होतं" हे सगळेच म्हातारे म्हणतात म्हणे. म्हणून मी सांगून टाकलंय की माझ्या वडलांच्या गाडीची सीट आणते, उघडून बघा. तीस वर्षं वापरलेली, एक टाका न उसवलेली. बाबांचा शब्द टेबलावर ठेवणार आहे मी. खोटा ठरला तर माझी खुर्ची गेली असं समज.

दादाला सांग, चालकाची सीट आणि त्या बाजूच्या दाराचं आतलं अस्तर काढून नीट बांधून पाठव. तुला चालेल ना?

तुझी,
भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

सीट पाठवली. दादाने ती खोलली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत उभी राहिले. नंतर जाऊन पाहिलं तर त्या जागी चार बोल्ट आणि एक वाळलेलं पेन. बरं वाटलं नाही. पण यांचा शब्द मोठ्या साहेबांपुढे जाणार म्हटल्यावर मी हो म्हटलं. यांना किती आवडलं असतं! कोट घालून स्वतःच सीटबरोबर आले असते.

प्रवासात घासू नये म्हणून शेजारच्या शिवणवालीने तिला जाड खोळ शिवून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "साहेबांची सीट आहे, तिचे कसले पैसे."

खरं सांगू, मला त्या गाडीचा जन्मभर मत्सर वाटला. तिच्यात मला शेंगदाणे खायची बंदी, तुम्हाला बूट घालून बसायची बंदी. दर रविवारी सकाळी हे एकटेच तिला घेऊन जायचे, "इंजिन मोकळं करून आणतो" म्हणून. दुपारी प्रसन्न चेहऱ्याने परत. एवढी गाडी सांभाळणारा माणूस, पण अंगावरच्या शर्टाचं एक बटण टिकेल तर शपथ. दर आठवड्याला एक तुटलेलं. मी म्हणायचे, "सीटचा टाका उसवत नाही आणि तुमचं बटण राहत नाही, कंपनीकडूनच शर्ट शिवून घ्या." तर गप्प उभे राहून लावून घ्यायचे.

सीट जपून परत पाठव.
आई


९ एप्रिल

आई,

बसून वाच.

काल प्रयोगशाळेत सीट उघडली. माझा वरिष्ठ होता, दोन तपासणारे होते, आणि खोट्या टाक्यांची कल्पना आणणारा एक माणूसही बघायला आलेला. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "कापा." खालच्या बाजूची शिवण कापली, लेदर उलटलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

ते लेदर कंपनीचं नाही. वरचं दुसरंच आहे, रंग हाताने मिळवलेला. त्याखाली मूळ लेदर, भेगा पडून पापडासारखं झालेलं, आणि भेगांमागे कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. मूळ फोमचा बाजूने भुगा झालेला, तिथे दुसरा फोम कापून बसवलाय. दाराच्या अस्तराची लाकडी पट्टी लाकडाची नाहीच, पत्र्यावर ब्रशने रेषा काढल्यात. मी लहानपणी त्या रेषांवरून बोट फिरवत बसायचे! तपासणाऱ्याच्या अंदाजाने मूळ माल तीन-चार वर्षांतच गेला असणार. आमचा आजचा मालही तेवढाच टिकेल असं धरलेलं असतं.

वरिष्ठ वाईट माणूस नाही, पण त्याला हसू आवरेना. "म्हणजे पूर्वीही असंच होतं, फक्त तुमच्याकडे कारागीर चांगला होता." खोटे टाकेवाल्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

पण मग मी हातशिवण पाहिली. दोरा संपतो तिथे प्रत्येक ठिकाणी एकच गाठ आहे. सुईभोवती तीन वेढे, सुई खालून ओढलेली, आणि टोक परत आत दडवलेलं. आई, ही तुझी गाठ आहे. तू मला बटण लावताना शिकवलेली. दुसऱ्या कुणाची मी आजवर पाहिली नाही.

तू केलंस ना हे? बाबांचा शब्द पडू नये म्हणून? दुपारी ते झोपलेले असताना? इतकी वर्षं एक अक्षर बोलली नाहीस! मला तुझा राग येतोय आणि तुझ्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटतंय. लगेच लिही.

भिंगरी


१३ एप्रिल

भिंगरी,

मी नाही.

पत्र तीनदा वाचलं, दादाकडून मोठ्याने एकदा वाचून घेतलं. त्या सीटला मी सुई लावलेली नाही. मला त्या गाडीत शेंगदाणे खायला परवानगी नव्हती, सीट उलटून शिवायची कुठून मिळणार?

आता मी काय लिहिते ते दादाला कळवू नकोस. ती गाठ माझ्या आईची. मी ती दोनच माणसांना शिकवली. एक तू. दुसरी शिवणवाली. ती नवीन राहायला आली तेव्हा तिच्या हातची बटणं सुटायची, म्हणून मीच तिला शेजारी बसवून शिकवली. स्वतःच्या हाताने.

आणि दर रविवारी इंजिन मोकळं होत होतं! अगं, माझंच डोकं कसं चाललं नाही? दुपारी प्रसन्न चेहरा. परवा खोळीचे पैसे नाकारले. "साहेबांची सीट." मी आपली भोळी, तिच्याच घरी वाटीभर साखर मागायला जाते.

काल ती दारात आली. मी म्हटलं, "घरात कामं आहेत." ती बिचारी, नव्हे, बिचारी कसली, ती तशीच उभी राहिली. मी दार लावलं. कडीही घातली. या वयात ही थेरं कळावीत? आता भांडू तरी कुणाशी? फोटोशी?

आई


२० एप्रिल

आई,

असं काही नसेल. लगेच दार लावू नकोस. पण "नसेल" असं लिहिताना मलाही खात्री नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मला दुसरीच गोष्ट टोचतेय. शिवणारं कोणी का असेना, बाबांना तर माहीत होतं ना? आपल्या गाडीचा माल फुटलाय हे माहीत असून ती शोरूमपुढे उभी करायची, गिऱ्हाइकाला आत बसवायचं आणि म्हणायचं, "बघा, एक टाका उसवला तर मला येऊन सांगा." याला काय म्हणतात? मी ज्या खोट्या टाक्यांवर एवढी आग पाखडतेय, त्यांच्यात आणि यात फरक काय? ते नुसते दिसायला आहेत, बाबांचंही दिसायलाच होतं. मी या नोकरीत आले ती त्या सीटमुळे. "असं काम करायचं" म्हणून.

मी वरिष्ठाला कळवलंय, बैठकीत आक्षेप घेणार नाही. कागद आला की सही करीन. तूही आता कुणाला काही विचारू नकोस. जे गेलं ते गेलं.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

सही करू नकोस! केली असलीस तर जाऊन खोड.

तू विचारू नको म्हणालीस, पण मी काय गप्प बसणाऱ्यातली आहे? दाढ दुखतेय म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दाढ दुखत नव्हतीच, मला त्यांना यांच्या रविवारांबद्दल विचारायचं होतं. यांच्याकडून पहिली गाडी त्यांनी घेतलेली, अजून तीच वापरतात. मी खुर्चीत आ करून पडल्यापडल्या विचारलं, "आमचे हे रविवारी कुठे जायचे, तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे काय, आमच्याकडेच यायचे की. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. कंपनीची पद्धत होती ना, विकलेली गाडी आतून तपासायची."

मी म्हटलं, "आतून म्हणजे?"

"सीट, दारं, छत. काही सुटलं असेल तर तिथेच बसून शिवायचे. मी चेष्टा करायचो, साहेब, मी हिरड्या शिवतो, तुम्ही सीट शिवता, आपल्या दोघांच्या सुया वाकड्याच. सुरुवातीला वर्षभर तर हात अगदी कच्चा होता त्यांचा, रक्त काढून घ्यायचे. मीच पट्टी बांधलीय."

माझं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांना वाटलं मी दाढ दाखवतेय.

मी तशीच खाली गेले, त्यांच्या गाडीचं दार उघडलं आणि सीटखाली हात घातला. भिंगरी, गाठ होती. तीन वेढे, टोक आत. तिथून बेकरीवाल्याकडे. त्याच्या गाडीत पिठाचा थर, पण सीटखाली गाठ. मग शाळेच्या मोठ्या बाईंकडे. त्यांच्या छताच्या कडेला सगळीकडे गाठी. आठवडाभर मी गावातल्या गाड्यांच्या सीटखाली हात घालत फिरतेय. दादा म्हणतो, "आई, लोक मला विचारतात, काही हरवलंय का?"

सगळ्यांचं एकच: "कंपनी किती चांगली होती तेव्हा, माणूस घरी पाठवायची." मी शोरूमच्या जुन्या मालकांना गाठलं. ते म्हणाले, असली पद्धत कधीच नव्हती. कंपनी पहिल्या वर्षानंतर आतल्या मालाची जबाबदारीच घेत नसे. हे दोनदा भांडले, उपयोग झाला नाही, मग गप्प बसले. गप्प बसले म्हणे! मेला माणूस दर रविवारी सुई-दोऱ्याचा डबा घेऊन लोकांच्या गाड्या शिवत होता.

आपण ते वाक्य बढाई समजत होतो गं. "मला येऊन सांगा." लोक सांगायला येण्याच्या आधी हेच जायचे.

शिवणवालीकडे गेले. काय सांगणार? म्हटलं, "तुझ्यावर नको तो संशय घेतला." तिने आधी डोळे वटारले, मग पोट धरून हसली. म्हणाली, "वहिनी, तुमच्या साहेबांची आणि माझी एवढ्या वर्षांत चार वाक्यं झाली असतील, त्यातली तीन पाण्याच्या टाकीवरून." साखर दिली, वर ऐकवलंही.

फक्त एक अजून सुटत नाही. तिने शिकवली नाही, तू तेव्हा पाळण्यात होतीस, मी यांच्या हातात कधी सुई दिली नाही. मग माझ्या आईची गाठ यांना आली कुठून?

आई


१५ मे

आई,

सही केली नव्हती. तुझं पत्र मी बैठकीला घेऊन गेले होते, नुसतं पिशवीत.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, "माझ्या वडलांच्या सीटचा अहवाल खरा आहे. तेव्हाचा मालही फुटायचा. आमच्या गावात तुमच्या कंपनीचं जे नाव आहे ते मालाचं नाही, एका विक्रेत्याच्या रविवारांचं आहे." मग सगळं सांगितलं. डॉक्टर, बेकरी, छताच्या कडा. माझ्या वरिष्ठाने पुढ्यातला अहवाल पुन्हा उघडला. मोठे साहेब म्हणाले, "त्यांनी आम्हाला कळवलं का नाही?" मी म्हटलं, "कळवलं होतं, दोनदा."

शेवटी मी एकच विचारलं. "उसवलेला टाका परत घालता येतो. हे साच्यातले टाके फुटले, तर घालणार काय? आणि रविवारी जाणार कोण?"

जिंकले वगैरे नाही, आई. खोटे टाके राहणारच, त्यांचे साचे तयार आहेत. छताच्या कापडाची आणि दाराच्या पट्टीची तपासणी पुन्हा करायचं ठरलं, तेवढंच. मी सही केली नाही. माझी बदली गोदामाकडे होईल असं कानावर आहे. होऊ दे. बाबांना मी पंधरा दिवस खोटारडा समजत होते, त्याचाच घाव मोठा आहे.

बाबांची सीट घेऊन येत्या रविवारी येते. तपासताना कापलेली शिवण मी घालीन, आणि दादाचं छतही. वहिनीला म्हणावं, केस खुशाल बसवून घे.

भिंगरी


१९ मे

भिंगरी,

ये. छत दादाने सध्या टाचण्यांनी धरून ठेवलंय.

गाठ सुटली. ऐक.

आज सकाळी दादा कामावर निघताना त्याचं बटण लोंबत होतं. मी म्हटलं, थांब, काढू नकोस शर्ट. अंगावरच लावते, तशी माझी सवय. तो उभा, मी सुई घेऊन पुढ्यात. तीन वेढे घेतले आणि सहज वर पाहिलं, तर तो खाली मान घालून माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. अगदी त्यांच्यासारखा. माझ्या हातातून सुई गळाली.

हे असेच बघायचे! मला वाटायचं, टोचेल म्हणून घाबरतात. दर आठवड्याला एक बटण, आणि माझ्या पुढ्यात मान खाली घालून उभे. लबाड माणूस! स्वतः बटणं तोडत होता, माझी गाठ बघायला. सरळ विचारलं असतं तर मी काय नाही म्हणाले असते? पण मग "कशाला हवी?" असं मी विचारलं असतं, आणि सगळंच बाहेर आलं असतं.

मी इतकी थक्क झाले की खालीच बसले. दादा पाणी घेऊन धावला. मी हसतेय की रडतेय ते त्याला कळेना, मलाही कळत नव्हतं.

हे गेले त्याच्या आधीच्या आठवड्यातही एक बटण हातात घेऊन आले होते. मी दमले होते, वैतागून म्हटलं, "एक दिवस स्वतः लावा की." तर निरागस चेहरा करून म्हणाले, "मला कुठे येतं गं?" मग लावलं मीच.

भिंगरी, पहिल्या वर्षाची बटणं शिकायला तोडली, ते समजलं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात हात बसला होता. मग पुढची सगळी वर्षं कशाला तोडली असतील गं?

आई